साठ टक्के परताव्याची पॉलिसी आणि पाच फुटांचं शंटिंग यार्ड

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१. रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. कारखान्याला स्वतःची रेल्वे सायडिंग, म्हणजे मालडबे उभे करायचा बाजूचा रूळ, होती. ती आता घरात छोट्या प्रमाणात उभी करायची त्यांची इच्छा आहे. ८ बाय ४ फुटांचं टेबल, दोन परदेशी आवाजी इंजिनं, डिजिटल कंट्रोलर, २० वाघिणी (मालडबे), असा २ लाख ८० हजारांचा आराखडा त्यांनी पाठवला आहे. प्रश्न दोन. हे पैसे एफडी मोडून काढावेत की पॉलिसीवर कर्ज घेऊन? आणि अशा इंजिनांच्या किमती वाढत जातात, तेव्हा ही गुंतवणूकही होईल ना?

पत्राच्या शेवटी ते लिहितात: "बाकी आर्थिक बाजू भक्कम आहे. निवृत्तीचे ४६ लाख मिळाले. त्यातून बँकेतल्या साहेबांनी ५ लाखांची खात्रीशीर योजना करून दिली, तिच्यात ६० टक्के परतावा आहे. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात एफडी मोडून भरणार आहे."

रेल्वेचं उत्तर देतो, पण आधी हे शेवटचं वाक्य. पुढचा महिना उजाडायच्या आत काही गोष्टी करायच्या आहेत.

तुम्ही सोबत जोडलेल्या कागदाप्रमाणे ही ५ लाखांची योजना नाही. दर वर्षी ५ लाख, अशी १० वर्षं भरायची ही एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी आहे. एकूण ५० लाख भरायचे आणि १५ वर्षं पूर्ण झाली की ८० लाख घ्यायचे. ५० वर ३० लाख जास्त मिळतात, ते झाले तुमचे ६० टक्के. पण हे ६० टक्के पंधरा वर्षांत पसरलेले आहेत. वर्षाचा दर काढला तर तो साधारण साडेचार टक्के येतो. तुमच्याच बँकेतली तुमचीच एफडी सात टक्के देते आहे. निवृत्त माणसाला हा हिशेब न सांगता "साठ टक्के" म्हणून सही घेणं ही सरळ फसवणूक आहे, आणि मी ती तशीच म्हणणार.

दुसरा आकडा याहून गंभीर आहे. उरलेले नऊ हप्ते म्हणजे ४५ लाख. तुमच्या हातात आता ४१ लाख आहेत: ३० लाख एफडीत, ११ लाख बचत खात्यात. म्हणजे घरखर्चाला एक रुपयाही न काढता सगळी पुंजी या पॉलिसीत ओतली, तरी हप्ते पुरे होत नाहीत. दुसरा हप्ता भरलात की आणखी ५ लाख अडकतील, आणि तिसऱ्या वर्षी हाच प्रश्न जास्त तोट्यासह समोर येईल. तेव्हा हप्ता भरू नका.

उद्या बँकेत जाऊन या पॉलिसीचं ऑटो डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. हे राहिलं तर तुम्ही काहीही ठरवा, ठरल्या तारखेला खात्यातून ५ लाख जातील. बचत खात्यात ११ लाख पडून असल्यामुळे तर नक्कीच जातील.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची फ्री-लुक मुदत केव्हाच संपली आहे. पण तक्रारीचा रस्ता खुला आहे आणि तुमची बाजू मला बळकट दिसते. विमा कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: प्रस्ताव अर्जाची प्रत, तुमच्या सहीचा लाभ-तक्ता, आणि पडताळणी फोनचं ध्वनिमुद्रण. अर्जातला वार्षिक उत्पन्नाचा रकाना नीट पाहा. महिना ३,५०० रुपये ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन असलेल्या माणसाला वर्षाला ५ लाखांचा हप्ता कोणतीही कंपनी सहज मंजूर करणार नाही. म्हणजे त्या रकान्यात बहुधा दुसराच आकडा असणार. तुम्ही लिहिलं आहे की "मी फक्त सह्या केल्या, बाकी त्यांनी भरलं". तो आकडा तुमच्या हस्ताक्षरात नसेल आणि खोटा असेल, तर तुमच्याकडचा सर्वांत मोठा पुरावा तोच.

मागणी एकच ठेवा: पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण हप्ता परत. तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा आणि प्रत बँकेला द्या. सोबत विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. या काळात बँकेतून फोन येईल, "ही बंद करून दुसरी चांगली घ्या" म्हणून. घेऊ नका. नियामकाच्या नावाने "तुमचा बोनस अडकला आहे" असे फोनही येतात. नियामक पॉलिसी विकायला किंवा बोनस वाटायला कुणालाही फोन करत नाही.

आणि तक्रार फेटाळली गेली तर? ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि त्या वर्षाचा हप्ता भरलेला असला, की सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केल्यावरची रक्कम, मिळतं. आधी एका हप्त्यावर हातात शून्य यायचं. एक हप्ता भरलेल्या पॉलिसीला मुदतीअखेर साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ८ लाख, तेही चौदा वर्षांनी. आजच्या व्याजदराने त्याची किंमत ३ लाखांच्या आसपास, आणि सरेंडर मूल्यही साधारण तेवढंच धरा. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या, कारण पॉलिसीनुसार तो बदलतो. पॉलिसी तशीच पडू दिली तर चौदा वर्षांनी ८ लाख, आणि ३ लाख आज घेऊन सात टक्क्यांनी ठेवले तर तेव्हा पावणेआठ. फरक जवळपास नाही, आणि तुम्हाला पैसा आज हवा आहे. मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका. दोन लाखांचा तोटा झोंबेल, हे मला कळतं. पण तो ५ लाखांवरचा तोटा आहे, ४६ लाखांवरचा नाही.

आता महिन्याचं गणित. एफडीतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. मर्यादा ३० लाखांचीच आहे, दर सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतील. म्हणजे महिना २०,५००. एफडी मोडताना थोडा दंड लागेल, पण नंतर वर्षाला ३६ हजार जास्त मिळतील. बचत खात्यातल्या ११ लाखांतले ५ लाख अडीअडचणीसाठी मोडता येईल अशा ठेवीत, ६ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. त्यातून महिना ३,७०० रुपये. पेन्शन धरून बेरीज २७,७००. तुमचा खर्च ३० हजार. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला, हेही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. दोघांसाठी आरोग्य विमा याच महिन्यात घ्या, वर्षाला चाळीस ते साठ हजार धरा. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असते, म्हणून उशीर जितका तितकं नुकसान. म्हणजे महिन्याला सहा-सात हजार कमी पडतात. अडीअडचणीच्या ठेवीचं व्याज आणि पॉलिसीतून सुटलेले ३ ते ५ लाख यांनी ही दरी काही वर्षं भरून निघेल. महागाई मात्र थांबणार नाही, म्हणून दर वर्षी हा हिशेब पुन्हा मांडा.

या गणितात २ लाख ८० हजारांची रेल्वे बसत नाही. ४५ हजारांची बसते.

किमती वाढतील ही आशा आधी सोडा. बॉक्समधून काढून रुळावर चालवलेलं इंजिन विकायला गेलात तर निम्मी किंमत मिळाली तरी पुष्कळ. आपल्याकडे जुन्या मॉडेलांचं गिऱ्हाईक मोजकं आहे. हा खर्च आहे, आनंदासाठी केलेला, आणि तसा तो करायला काहीच हरकत नाही. पॉलिसीवर कर्जाचा विचारही नको. परदेशातून एकदम मागवायचंही टाळा. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. जीएसटी धरून किंमत जवळपास दुप्पट होऊ शकते. पार्सल कोणत्या सदरात मोजलं जाईल हे आधी कळत नाही.

मुळात तुम्हाला हवी आहे ती सायडिंग. गोल फिरणारी गाडी नव्हे. मग ८ बाय ४ कशाला? शंटिंगसाठी, म्हणजे वाघिणी पुढेमागे हलवून क्रमाने लावण्यासाठी, ब्रिटिश हौशी ॲलन राइट यांची 'इंगलनुक' रचना पाहा: दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा), तीन सायडिंग. एका सायडिंगमध्ये ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत ३-३. शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिन पुढेमागे करायच्या रुळाच्या तुकड्यावर, इंजिन आणि ३ वाघिणी. एकूण वाघिणी आठ. प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात. डिस्पॅच खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे काम समजावून सांगायला नको.

एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७, चारचाकी बंद वाघीण कपलिंगसकट १० सेंमी धरा, छोटं शंटर (शंटिंगचं इंजिन) १२ सेंमी. नेक ४३ सेंमी, सांधा साडेअठरा, फाउलिंग मार्कपर्यंत (ज्याच्या पलीकडे उभी वाघीण शेजारच्या रुळाला अडत नाही) १२, पुढे पाच वाघिणींचे ५० आणि बफरचे ३. एकूण १२६.५ सेंमी. ५ फूट बाय १ फूट फळीवर हे बसतं आणि टोकाला गोदामाच्या भिंतीपुरती जागा उरते. बॉक्सएन (उघड्या, आठचाकी) वाघिणी घेतल्या तर प्रत्येक १२.३ सेंमीची, आणि फळी काठोकाठ भरते. म्हणून चारचाकीच घ्या. नेकची लांबी फार काटेकोर ठेवा. चौथी वाघीण मावली तर कोडं सोपं होऊन मजा जाते, तिसरी मावली नाही तर ते सुटतच नाही. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, एचओत ते १९.३ व्हायला हवं. बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे आहेत. हा फरक सोसा. रूळ हाताने घालायला गेलात तर फळी वर्षभर अर्धवट राहील.

फळी १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायची, खाली पट्ट्यांची चौकट. एमडीएफ नको. डोंबिवलीच्या पावसाळ्यात ते फुगतं आणि सांध्याजवळ रूळ उचलले जातात. प्लायच्या कडांनाही दोन हात रंग द्या. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, स्वस्त संचातले लोखंडी रूळ दमट हवेत गंजतात. पुसायला कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर घासू नका, ओरखड्यांत मळ बसतो.

शंटिंग बिघडतं ते बहुतेक वेळा सांध्यात. प्लॅस्टिकचा, वीज नसलेला फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) असला की आखूड शंटर नेमकं तिथे अडकून बसतं. म्हणून विजेचा फ्रॉग घ्या. फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जोडण्या लावा आणि फळीखाली साधा स्लाइड स्विच बसवा. तोच स्विच तारेने जीभ (सांध्याचा हलणारा रूळ) हलवतो आणि फ्रॉगची बाजूही बदलतो. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची तार खाली सोडा. जोडपट्ट्यांवर भरवसा ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर वीज तुटायला लागते. खडी चिकटवताना पातळ केलेला फेविकॉल जिभेजवळ जाऊ देऊ नका, एक थेंब पुरतो सांधा कायमचा जाम व्हायला. आठही वाघिणींना एकाच जातीचं कपलिंग, सगळी एका उंचीवर. हलक्या वाघिणी ढकलताना उतरतात, म्हणून १० सेंमीच्या वाघिणीचं वजन ८५ ग्रॅमच्या आसपास आणा. आत नट-वॉशर चिकटवले की भागतं. कपलिंग सोडवण्याचं चुंबक सरळ रुळाखालीच बसवा, वळणावर हुक सुटत नाही.

खर्च: प्लाय आणि सुतारकाम २,५००, दोन सांधे ६,०००, फ्लेक्झिबल रूळ तीन नग ३,०००, साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर ५,०००, शंटर १२,०००, आठ वाघिणी १२,०००, कपलिंग, चुंबकं, तारा, खडी आणि रंग मिळून ४,५००. एकूण ४५ हजार. एका वेळी एकच इंजिन चालणार असल्यामुळे डिजिटल कंट्रोलरची गरज नाही, तिथेच तुमच्या यादीतले ४० हजार वाचतात.

बचत योजनेचं पहिलं तिमाही व्याज आल्यावर फळी, रूळ, सांधे आणि कंट्रोलर घ्या. शंटर पुढच्या तिमाहीत. वाघिणी महिन्याला दोन. तोपर्यंत खर्च न करता करण्यासारखं काम आहे: सांधे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर खऱ्या मापाचे कागदी नमुने मोफत मिळतात. ते छापून जमिनीवर चिकटवा, पुठ्ठ्याच्या १० सेंमीच्या आठ पट्ट्या कापा आणि काही क्रम हाताने लावून पाहा. कुठे नेक कमी पडते आणि कुठे वाघीण फाउलिंग मार्कच्या पुढे येते, ते सुताराला माप देण्याआधी कळेल.