नॅकची श्रेणी पाहून शाखा सोडावी का?

आपला प्रश्न असा आहे की अभियांत्रिकीचे पर्याय भरताना मुलीने नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, 'ए प्लस' श्रेणी असलेल्या महाविद्यालयातील नावडती शाखा वर ठेवावी, की 'बी प्लस प्लस' महाविद्यालयातील आवडती संगणक शाखा. एका महाविद्यालयात नॅकच्या दोन फेऱ्यांचे समन्वयकपद मी सांभाळले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

नॅकची श्रेणी म्हणजे सात निकषांवरून काढलेली, चारपैकी मिळालेली सरासरी. ३.०० गुण पडले तर 'बी प्लस प्लस', ३.०१ पडले की 'ए'. शिवाय ग्रंथालयापासून प्रशासनापर्यंत सगळी संस्था त्या एका अक्षरात येते. मुलीला ज्या विभागात चार वर्षे काढायची आहेत तिथे शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे त्यातून कळत नाही.

नोकऱ्यांचा आकडा कसा तयार होतो तेही पाहिले आहे. आम्ही माजी विद्यार्थ्यांना फोन करकरून नेमणूकपत्रे मागवत असू. नामांकित कंपनीत लागलेला अभियंता आणि ओळखीच्या दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा, पत्र हाती आले की तक्त्यात दोघेही एकेकच धरले जात.

तरीही श्रेणी पोकळ नसते, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवून वागतात. वरची श्रेणी मिळाली की प्रवेशद्वारावर फलक लागतो, पुढच्या वर्षी जास्त पर्सेंटाइलची मुले येतात, आणि चाळून घेतलेली मुले एकाच जागी मिळतात म्हणून कंपन्याही तिथेच येतात. शिकवणारे मात्र बहुधा तेच असतात. स्वायत्ततेसाठी, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम व परीक्षा ठरवण्याच्या मुभेसाठी, विद्यापीठ अनुदान आयोगानेही (यूजीसी) श्रेणीची अट घातली असल्याने पुढे असलेल्याला आणखी पुढे जाणे सोपे होते. (जानेवारी २०२४ मध्ये नॅकने अक्षरी श्रेणींऐवजी 'मानांकित' आणि 'अमानांकित' असा भेद ठेवण्याचे जाहीर केले, जाहिरातवाल्यांची पंचाईतच झाली म्हणायची.)

तेव्हा दोन्ही ठिकाणी येणाऱ्या कंपन्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक नसेल, तर मी संगणक शाखाच वर ठेवीन. त्याआधी त्या शाखेला राष्ट्रीय मानांकन मंडळाचे (एनबीए) मानांकन आहे का, हे पाहा. ते संस्थेला नव्हे, अभ्यासक्रमाला मिळते आणि त्याला मुदत असते. आणि एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी, आगाऊ न कळवता, मुलीला घेऊन त्या विभागाच्या प्रयोगशाळेत जाऊन या. नॅकची तपासणी समिती येणार असे तेव्हा आम्ही रांगोळ्यासुद्धा काढत होतो.