लॅपटॉप कायम प्लगला लावूनच वापरतो, तर बॅटरी काढून ठेवावी का?

शक्यतो काढू नका. लाइट गेली की चालू काम तीच वाचवते. लिथियम-आयन बॅटरी झिजते ती दिवसरात्र 100 टक्क्यांवर आणि गरम राहिल्याने. म्हणून चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांच्या आसपास लावा: लेनोवोत ‘व्हँटेज’ ॲपमधला कॉन्झर्व्हेशन मोड, आसुसमध्ये ‘मायआसुस’ ॲप, डेलला बायोसमधली (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारा मूळ सेटिंगचा मेनू) बॅटरी सेटिंग. एवढं आजच करा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बुजून सगळी उष्णता आत कोंडते.

जुनं मॉडेल आहे, बॅटरी सहज निघते आणि घरी यूपीएस आहे, तर मात्र खुशाल काढा. निम्मी चार्ज करून कोरड्या, गार कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओल धरते. दोन-तीन महिन्यांनी चार्ज बघून पुन्हा निम्म्यावर आणा. फुगलेली दिसली तर अजिबात लावू नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.