वसाहत दोन प्रभागांत तुटली आणि यादीतून नावं गेली, तर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. प्रारूप (म्हणजे हरकतींसाठी आधी जाहीर होणाऱ्या कच्च्या) प्रभाग रचनेत वसाहत मधोमध चिरली गेली आणि त्याच गल्लीतली काही नावं मतदार यादीतून उडाली, तर दोन्हींचा मिळून एकच अर्ज नगरपालिकेत दिला तर चालेल का? चालणार नाही. दोन्ही कामांची दारं वेगळी आहेत आणि मुदतीही वेगळ्या. सांगली जिल्ह्यात आमचा नागरिकांचा छोटा गट बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यातून शिकलेलं सांगतो.

आधी प्रभागाचं. आमची पहिली हरकत आठवली की अजून वाईट वाटतं. जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेतली गोष्ट. घरोघरी फिरून सह्या घेतल्या, ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ असं पानभर लिहिलं आणि सुनावणीला चाळीस माणसं घेऊन गेलो. अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, “मग सीमा कुठून न्यायची? नकाशावर दाखवा.” आमच्याकडे नकाशाच नव्हता. हरकत अमान्य झाली.

पुढच्या खेपेला एका निवृत्त तलाठ्यांना बरोबर घेतलं आणि रविवारी सकाळी प्रारूप नकाशा हातात धरून हद्द पायी चाललो. कागदावर सीमा नाल्याची दाखवली होती. प्रत्यक्षात ती नाला सोडून दोन घरांच्या रांगांमधल्या बोळात शिरत होती आणि अनुसूचित जातीची वस्ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे करत होती. बोळ इतका अरुंद की सायकल हातात धरून न्यावी लागते. एका बाजूची आजी दारात बसून समोरच्या सुनेशी बोलत होती, आणि त्या दोघी वेगवेगळ्या प्रभागांत!

आता नियम बघा. प्रभाग रचना २०११ च्या जनगणनेवर होते आणि तिचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेली घरं. तो शक्यतो फोडायचा नसतो. सीमा मोठे रस्ते, नाले, नदी, रेल्वेमार्ग यांवरून न्यायची असते आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या विभागायच्या नसतात. लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालते. समजा गावची लोकसंख्या ३०,००० आणि नगरसेवक २०. एकामागे १,५०० माणसं, म्हणजे दोन सदस्यांच्या प्रभागात ३,०००. तो प्रभाग २,७०० ते ३,३०० मध्ये बसला पाहिजे. तुमची हरकत या आकड्यांत बोलली पाहिजे: अमुक प्रगणक गट या प्रभागातून काढा, तमुक त्यात घाला, दोन्हीकडची बेरीज ही अशी.

आम्ही तेच केलं. अधिकाऱ्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज तपासली. वस्ती एका प्रभागात आली. शेजारच्या गल्लीची मागणी मात्र फेटाळली, कारण तिथे आमचीच बेरीज १० टक्क्यांबाहेर जात होती.

मुदत चुकवू नका. रचना अंतिम झाली की घटनेच्या कलम २४३-झेडजीमुळे न्यायालयं सहसा त्यात हात घालत नाहीत. जे भांडायचं ते प्रारूपावरच.

मतदार यादीचं प्रकरण मला जास्त लागतं. सीमा चुकली तरी मत देता येतं, नाव गेलं तर तेही नाही. पालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला घेऊन ती प्रभागवार फोडतात. त्या टप्प्यावर चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, विधानसभा यादीत असून राहिलेलं घेता येतं. नवीन नाव घालता येत नाही. म्हणून तुमच्या गल्लीतली नावं तहसीलमधल्या निवडणूक शाखेतून, मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडूनच परत आणावी लागतील, नमुना ६ म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज भरून.

नावं का जातात? आमच्याकडे विटा-खानापूर भागातली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. जतकडची माणसं ऊसतोडीला गेलेली. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठची काही घरं महिनोन्‌महिने बंद होती. बीएलओ (घरोघरी जाऊन यादी तपासणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) येतो, कुलूप दिसतं, ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्यामुळे माणसाचं सर्वसाधारण रहिवासीपण संपत नाही. हे वाक्य अर्जाला जोडाच. अर्थात जो कायमचा पुण्यात राहून तिथे नाव नोंदवून बसलाय, त्याच्यासाठी भांडू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अशी दोन नावं तुमच्या अर्जांत सापडली की बाकीच्या खऱ्या अर्जांवरही संशय येतो.

कुणी नमुना ७ भरून नावं वगळायला लावली का, तेही तपासा. आलेल्या अर्जांची यादी नमुना १० मध्ये लावावी लागते, ती मागा. सुनावणीची संधी न देता असं नाव काढता येत नाही, आणि खोटं निवेदन देणाऱ्याला १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मतदार नोंदणी अधिकाऱ्यांचा निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

या आठवड्यात एवढं करा. जुनी यादी आणि नवी यादी घेऊन दोन जणांनी समोरासमोर बसा. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. गेलेल्या प्रत्येक नावापुढे माणूस आज कुठे आहे आणि परत कधी येतो, ते लिहा. प्रभागाच्या हरकतीला नकाशाच्या तीन प्रती लावा: एक द्यायला, एक पोच म्हणून शिक्का मारून घ्यायला, आणि एक सुनावणीत टेबलावर पसरायला. वस्तीतल्या दोन बाया सुनावणीला जरूर न्या. बोळ कुठून कुठे जातो ते त्या आपल्यापेक्षा बरोबर सांगतात.