ओट्यामागे टाइल्स लावायच्यात, पण भिंतीला ऑइल पेंट आहे

प्रश्न : आमच्या किचनमधे ओट्यामागे टाइल्स नाहीयेत, नुसता ऑइल पेंट आहे आणि फोडणी उडून उडून भिंत एवढी चिकट झालीय की कितीही घासली तरी पिवळी ती पिवळीच. ओटा ८ फूट, वर २ फूट जागा. एवढ्याशा कामाला मिस्त्री यायला तयार होत नाहीत. एक म्हणाला सिमेंटमधेच लावू, दुकानदार म्हणतो गोणीतलं टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्या. मी आणि माझा मुलगा मिळून करू शकू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नक्की करू शकाल, १६ स्क्वेअर फूट म्हणजे पहिल्यांदा हात घालायला अगदी योग्य काम आहे. पण टाइल्स बघायला जायच्या आधी भिंतीचं बघा, कारण ऑइल पेंटवर सिमेंट काय किंवा अ‍ॅडेसिव्ह काय, ते चिकटतं रंगाला, भिंतीला नाही, आणि मग गॅसमागच्या टाइल्स कधीतरी रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येतात. आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढा, मग पत्रीने रंग आणि त्याखालची पुट्टी पार प्लास्टरपर्यंत खरवडा, नंतर छिन्नी-हातोडीने बोटभर अंतरावर टोचे पाडा. झालं की नाही हे कळायला भिंतीवर मूठभर पाणी मारा. पाणी शोषून भिंत काळपट पडली तर ठीक, थेंब होऊन ओघळलं तर तिथे अजून रंग आहे, परत खरवडा. हे काम कंटाळवाणं आहे, धूळही खूप होते, पण इथे घाई करू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन.

सिमेंट की अ‍ॅडेसिव्ह, तर घरच्या माणसाने अ‍ॅडेसिव्हच घ्यावं. साध्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटमधे लावायच्या तर आधी पाण्यात भिजवाव्या लागतात आणि व्हिट्रिफाइड (जास्त भाजलेल्या, काचेसारख्या घट्ट) असतील तर त्या जवळजवळ पाणीच पीत नाहीत, त्यामुळे नुसत्या सिमेंटला नीट धरत नाहीत. अ‍ॅडेसिव्हला भिजवायची भानगड नाही. २० किलोची एक गोणी पुरून उरेल, फक्त एका वेळी थोडंच कालवा आणि दातेरी थापीने २-३ टाइल्सपुरतंच लावा, जास्त पसरून ठेवलंत तर वरून साय धरते आणि मग टाइल चिकटत नाही.

१२ बाय १८ ची टाइल आडवी लावली तर २ ओळींत तुमची उंची बरोबर भरते. डावीकडून अख्ख्या लावत गेलात तर शेवटी ६ इंचाची चिंधोटी उरेल आणि ती रोज डोळ्यात खुपेल, त्यापेक्षा मधे ४ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना साधारण १२-१२ इंचाचे तुकडे. म्हणजे १२ टाइल्स लागल्या, वर २-३ जादा घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर, शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. ओट्याला सिंककडे उतार दिलेला असतो, म्हणून पहिली ओळ ओट्याला टेकवून लावायची नाही, स्पिरिट लेव्हलने आडवी रेघ मारून तिच्यावर लावायची, खाली निदान ३ एमएमची फट राहू द्या, त्यात शेवटी सिलिकॉन भरायचं. टाइल्सच्या मधे २ एमएमचे स्पेसर, म्हणजे फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे छोटे तुकडे. मिक्सरच्या सॉकेटपाशी काम करताना मेन स्विच बंद, आणि टाइल कापायचा कटर मुलगा चालवणार असेल तर गॉगल आणि मास्क घातल्याशिवाय हातात देऊ नका.

२४ तासांनी प्रत्येक टाइल बोटाच्या पेराने वाजवून बघा, जी पोकळ वाजेल ती तेव्हाच काढून परत लावा. मग ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला. इथे पैसे वाचवू नका, इपॉक्सीच (रेझिनचं ग्राउट) घ्या, साधं पांढरं सिमेंटचं ग्राउट हळद पिऊन बसतं आणि नंतर काही केल्या निघत नाही. इपॉक्सी पटकन घट्ट होतं, त्यामुळे एकाने भरायचं आणि दुसऱ्याने लगेच मागोमाग ओल्या स्पंजने पुसत यायचं, दोघं आहात ते इथे कामी येईल. ग्राउट नीट घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण आणखी एक दिवस, गॅस पेटवू नका, त्या दिवसाचं जेवण बाहेरून मागवा.