दादाला मिळतं, ते धाकटी बघते

"हिला आम्ही कधी लाडावलं नाही मॅडम, मग कुठनं शिकालीय हे?" वडगावातल्या एका आईचा प्रश्न. घरात यंत्रमाग, माणसं दिवसभर कामात. सहा वर्षांच्या धाकटीच्या मनासारखं झालं नाही की हाताला येईल ते भिरकावते. बापानं थोबाडीत देऊनही फरक नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक असली तक्रार नेहमी आणतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मी थोरल्याबद्दलच जास्त विचारलं. तो दहा वर्षांचा. जेवताना मोबाईल मागतो, नाही म्हटलं की आमटीची वाटी जमिनीवर. आजी लगेच म्हणते, "दे बाई त्याला, शेजारी ऐकतील." धाकटी समोर बसून हे सगळं बघते. तिला स्वतःला घरात फेकाफेकीतून काही मिळालेलं नाही, पण दादाला मिळतं हे तिनं पुरतं ओळखलंय.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ मध्ये नेमकं हेच तपासलं. बाहुल्याला बडवणाऱ्या माणसाची फिल्म त्यांनी लहान मुलांना दाखवली. काहींनी त्याला शाबासकी आणि खाऊ मिळताना पाहिलं, काहींनी मार बसताना, काहींनी नुसतं बडवणंच. मार पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर "करून दाखवलंत तर बक्षीस" म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही, ते पुढं काय मिळेल यावर ठरलं. म्हणूनच थोबाडीत दिल्यानं शिकलेलं पुसलं जात नाही. उलट राग आला की हात उचलायचा, हे मूल बापाकडून नव्यानं शिकतं. याबाबत मी पालकांची भीड ठेवत नाही.

आम्ही हात घातला तो थोरल्याच्या मोबाईलला. जेवताना तो कुणालाच नाही. जेवण झाल्यावर नीट मागितला तर थोडा वेळ, आणि तोही आजीच्या हातून. आजीला बाजूला ठेवलं असतं तर तिनं गुपचूप दिलाच असता. देताना धाकटीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "नीट मागितलास म्हणून देतेय." सुरुवातीला त्याचा दंगा वाढणार, हेही सांगून ठेवलं होतं. तसंच झालं, एकदा अख्खं ताट गेलं. त्या क्षणी दिलं असतं तर वाटीपेक्षा ताट फेकलेलं बरं, एवढंच त्याला कळलं असतं. आजी डोळ्यांत पाणी आणून बसून राहिली, पण मोबाईल दिला नाही. त्या घरातलं सगळ्यात अवघड काम तिनं केलं.

थोरला निवला, तसं धाकटीचंही भिरकावणं कमी झालं. मामाकडं गेली की अजून एखाद्या वेळी करते, कारण तिथं मामा खळखळून हसतो. पुढच्या भेटीला मामालाही बोलावलंय.