सोसायटीच्या आवारात चर खणायचा आहे; जमिनीखालच्या केबल आणि पाइप आधी कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विलेपार्ल्यातली जुनी सोसायटी, मीटर रूमपासून मागच्या पार्किंगपर्यंत इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरसाठी केबल टाकायची आहे, त्याच कामात बागेच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जेसीबी लावतो, एका दिवसात उरकतो. खाली काय काय आहे ते कमिटीत कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत ८११ नंबर आहे तसं इथे काही आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सोसायट्यांच्या केबल आणि पाइपच्या कामांवर सुपरव्हिजन करतो. जेसीबीवाल्याला तूर्त थांबवा. तो वाईट माणूस नसतो, पण बकेटला पाइप लागला हे त्याला पाइप फुटल्यावरच कळतं.

८११ चं आधी सांगतो. तिथे तो नंबर फिरवला की कंपन्यांची माणसं येऊन आपापल्या लाइनी जमिनीवर रंगाने आखून देतात. पण साधारणपणे मीटरपर्यंतच. मीटरच्या पुढची लाइन घरमालकाची, तिचा शोध त्यानेच घ्यायचा. आपल्याकडे २२ मार्च २०२३ ला केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने जागा कळवायची, मग त्या भागात ज्यांच्या लाइनींची नोंद आहे त्यांना निरोप जातो. नोंद जरूर करा. पण तुमच्या बागेतल्या दिव्यांची वायर किंवा पंपाची केबल कोणत्याच सरकारी नकाशावर नसते, आणि आवारात खोदताना तुटतात त्या बहुतेक ह्याच.

आवारात कंपन्यांच्याही लाइनी असतात. विजेची सर्व्हिस केबल मीटर रूमपर्यंत येते ती वितरण कंपनीची. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. उपनगरात एक गंमत आहे: बिल टाटा पॉवरचं येत असलं तरी जमिनीतली केबल अदानीच्या जाळ्यातली असू शकते, कारण कित्येक ग्राहकांनी पुरवठादार बदलला तरी वायर जुनीच राहिली. म्हणून फक्त बिल बघून पत्र पाठवू नका, दोघांनाही कळवा. आवारात सबस्टेशनची खोली असेल तर तिथे उच्च दाबाची एकच केबल येते असं धरू नका. बहुधा एक आत येते आणि दुसरी पुढच्या सबस्टेशनकडे निघते, आणि दोन्ही तुमच्याच पार्किंगखालून जात असतील.

पाइप गॅस असेल तर भिंतीवरचा पिवळा पाइप जमिनीत कुठे शिरतो ते बघा. तिथून गेटकडे जाणारी लाइन प्लास्टिकची असते, त्यामुळे केबल शोधायच्या यंत्राला ती सापडत नाही. महानगर गॅसला लेखी कळवा आणि त्या पाइपच्या आसपास खणताना त्यांचा माणूस हजर राहू दे. गॅसच्या बाबतीत अंदाज नको.

आता तुमच्या स्वतःच्या लाइनी. खरं काम इथेच आहे.

जमिनीतली लाइन शोधायला जाऊ नका, तिची टोकं शोधा. प्रत्येक लाइन कुठेतरी जमिनीत शिरते आणि कुठेतरी वर येते. प्लॅनची झेरॉक्स घेऊन एका सकाळी कंपाउंडभर फिरा आणि दिसेल ते मांडा: पाण्याचा मीटर, खालची टाकी, पंप रूम, वरच्या टाकीकडे चढणारा पाइप, वॉचमनच्या केबिनचा दिवा, गेटची मोटर, सीसीटीव्हीचे खांब, इंटरकॉम, बागेतले दिवे, बोअर, अर्थिंगचे खड्डे. मग प्रत्येक टोकाला विचारायचं, तुझं दुसरं टोक कुठे? ज्याचं दुसरं टोक सापडत नाही त्याच्याभोवती लाल गोल करा. इमारत उंच असेल तर अग्निशमनाची हायड्रंट लाइन (आग विझवायच्या नळांची पाइपलाइन) आवारात फिरलेली असते आणि ती कायम दाबाखाली असते. ती फुटली तर पाण्याच्या फवाऱ्याबरोबर फायर पंपही आपोआप सुरू होतो.

दोन टोकांमध्ये सरळ रेघ मारून मोकळे होऊ नका. बिगाऱ्याने त्या दिवशी जिथे माती मऊ लागली तिथून चर नेलेला असतो.

ड्रेनेज सगळ्यात सोपं. दोन लागोपाठच्या चेंबरची झाकणं उघडा. पाइप कुठल्या भिंतीतून शिरतो आणि किती खोल आहे ते टॉर्चने दिसतं, काठी घालून खोली मोजता येते. पाइप कुठून कुठे जातो ह्याबद्दल शंका असेल तर वरच्या चेंबरमध्ये गडद रंगाचं पाणी बादलीभर ओता आणि कोणत्या झाकणाखाली रंग येतो ते पाहा. जुन्या इमारतींत हे पाइप चिनी मातीचे असतात, पहारीचा एक टोला पुरतो.

कागदपत्रं मागा, पण फार आशा ठेवू नका. नव्या इमारतीला रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १७ आहे: बिल्डरने नकाशे आणि कागदपत्रं ३० दिवसांत संस्थेला द्यायची. जुन्या सोसायटीत मात्र कपाटातला प्लंबिंग प्लॅन ‘जसं करायचं ठरलं होतं’ तसा असतो, झालं तसा नव्हे. त्यापेक्षा वर्षानुवर्षं तुमच्याकडे येणाऱ्या प्लंबरला चहा पाजा. गळती कुठे काढली आणि पाइप कुठून वळवला हे त्याला तोंडपाठ असतं.

त्यानंतर यंत्र. केबल लोकेटर घेऊन येणारे सर्व्हेवाले मुंबईत मिळतात. यंत्राचे दोन भाग: ट्रान्समीटर केबलभोवती क्लॅम्प लावून तिच्यात विशिष्ट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडतो, आणि रिसीव्हर जमिनीवरून फिरवताना केबलच्या बरोबर डोक्यावर आवाज चढतो. क्लॅम्प नुसता बाहेरून बसतो, वायर उघडावी लागत नाही. क्लॅम्प न लावता नुसता रिसीव्हर फिरवून ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्या पद्धतीत केबलमधून करंट वाहत असेल तरच ती ऐकू येते. पंप बंद असेल तर पंपाची केबल गप्प, दुपारी बागेतल्या दिव्यांची वायर गप्प. म्हणून सर्व्हे पाण्याच्या वेळेला, पंप चालू असताना ठेवा आणि दिवे भर दिवसा मुद्दाम लावा. थ्री फेजच्या केबलमध्ये तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर तिचा आवाज तरीही क्षीण येतो, तिथे क्लॅम्पच हवा.

अर्थिंगची पट्टी आणि जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप ह्या सिग्नलवर हमखास डल्ला मारतात. मग सर्व्हेवाला छातीठोकपणे केबल दाखवतो आणि खाली निघतो गंजका पाण्याचा पाइप. क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावून परत फिरवायला सांगा. खुणा जुळल्या तर ठीक. प्लास्टिकच्या ड्रेनेज पाइपसाठी लवचिक सळईच्या टोकाला छोटा ट्रान्समीटर बांधून आत सरकवतात आणि वरून त्याचा माग काढतात.

जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार, प्लास्टिकही पकडतं म्हणून लोक खूश असतात. कोरड्या मुरुमात ते बऱ्यापैकी चालतं. खाडीकाठची चिकणमाती, खारं पाणी किंवा पावसाळ्यात भिजलेली जमीन असेल तर लहरी वरच्या वर विरून जातात. खाली डेब्रिजची भरणी असेल तर पडद्यावर प्रत्येक विटेचा तुकडा पाइपसारखा दिसतो. परवडत असेल तर उन्हाळ्यात करा.

शेवटी हाताने चाचणी खड्डे. चर जिथे खुणेच्या लाइनीला छेदतो तिथे, खुणेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट, फक्त फावड्याने आणि थर थर काढत. पहार नको, ब्रेकर फक्त वरचं काँक्रीट फोडण्यापुरता. अचानक स्वच्छ वाळू लागली, विटांची आडवी रांग लागली किंवा अर्धगोल कौलासारखं काही दिसलं की थांबायचं. केबल त्याच्या खालीच असते. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १२५५) कमी दाबाची केबल ७५ सेंटीमीटर खोल, ११ केव्हीची (म्हणजे ११ हजार व्होल्टची) ९० सेंटीमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर. हे आकडे माहीत असावेत, पण त्यांच्या भरवशावर फावडं मारू नका. आवारात पेव्हर ब्लॉकवर पेव्हर ब्लॉक चढतात, कुठे उतार काढायला माती खरवडतात, आणि सोसायटीने स्वतः टाकलेली वायर तर कित्येकदा वीतभर खोलही नसते.

केबल सापडली आणि कोणी म्हणालं ‘ती बंदच आहे, जुन्या मीटरची’, तर ती चालू आहे असंच समजायचं. दोन्ही टोकं सापडून, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय कापायची नाही. गॅसच्या पाइपला नुसता ओरखडा गेला तरी माती टाकून झाकू नका. लोकांना लांब करा, आसपास स्विच, मोबाइल, गाडी काही चालू-बंद करू देऊ नका आणि दूर जाऊन गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा.

तुमच्या बाबतीत, शोषखड्ड्याची जागा चर्चेआधीच ठरवून टाकलेली दिसते. बागेत झाडांच्या मधून दिव्यांच्या वायरी गेलेल्या असणार. खालच्या टाकीपासून आणि ड्रेनेज चेंबरपासून शोषखड्डा लांब हवा तो वेगळाच मुद्दा. जागा दोन-चार फूट सरकवायची तयारी ठेवा, सर्व्हेपेक्षा ते स्वस्त पडतं. चार्जरच्या केबलसाठी तर चर खणायलाच हवा का तेही विचारा. मीटर रूम ते पार्किंग भिंतीच्या कडेने ट्रेमधून नेता येत असेल तर निम्मा चर वाचतो.

कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये चाचणी खड्ड्यांचे पैसे वेगळे धरा, नाहीतर तो ते करणार नाही. आणि चर बुजवण्याआधी प्रत्येक पाइप-केबलचा टेप लावून फोटो काढा, इमारतीच्या कोपऱ्यापासून अंतर लिहा, नव्या केबलवर वाळू, विटा आणि वर धोक्याची पट्टी टाकून घ्या. फोटो सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, निवडणूक झाली की ते मोबाइलबरोबर जातात. प्रिंट काढून मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.