जागरण आणि चिडचिड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मुलांवर उगाच ओरडतो. स्वभावच बिघडला का?

उत्तर : स्वभावाला बोल लावू नका. राग-भीती पेटवणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू, यांच्यातला संपर्क जागरणाने ढिला पडतो. मग साधा भांड्याचा आवाजही डोक्यात जातो. शिफ्ट अकरा ते सात असेल, तर शेवटचा चहा रात्री दोनला. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. घरी पोचलात की थोडं खाऊन आडवे व्हा. खिडकीला जाड पडदा, फोन बंद. ड्युटीआधी संध्याकाळी दीड तास झोप. आणि सकाळी बाइक नकोच, कंपनीच्या बसने या. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा सावधपणा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका घसरतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे!

प्रश्न : निफाडला द्राक्षबाग आहे. रात्रीच्या विजेमुळे मोटार चालू करायला उठावं लागतं. जेमतेम सहा तास झोप होते, पण आता सवय झालीय. चालेल ना?

उत्तर : सवय होते ती झोप येण्याची जाणीव बोथट होण्याची. २००३च्या एका प्रयोगात रोज सहा तासच झोपू दिलेल्यांचं लक्ष दोन आठवड्यांत इतकं घसरलं, जणू एक-दोन रात्री डोळाच लागला नव्हता. त्यांना स्वतःला मात्र फारसं काही वाटत नव्हतं. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवा, दुपारी तास-दीड तास झोपा. डाऊनीच्या (द्राक्षावरच्या रोगाच्या) फवारणीचं माप जागरणाच्या सकाळी घेऊ नका, घ्यावंच लागलं तर दुसऱ्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, पंचवटीत असते. झोपेची गोळी तीन वर्षं चालू आहे. स्मृतिभ्रंश होईल का?

उत्तर : ब्रिटनमधल्या दीर्घ पाहणीत पन्नाशी-साठीपासून सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्के जास्त आढळला. पण कमी झोप हेच कारण, असं त्यातून सिद्ध होत नाही. आत्ताची काळजी गोळीची. अल्प्राझोलामसारखी गोळी म्हातारपणी विसराळूपणा वाढवते, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. तरी एकदम बंद करू नका, फिट (आकडी) येऊ शकते. डॉक्टर काही आठवड्यांत डोस उतरवत नेतील. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही त्यांना सांगा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर आईंनी उठून बाहेरच्या खोलीत बसावं, डोळे जड झाले की परत यावं. उठायची वेळ मात्र रोज एकच. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.